रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण पोट दुखतंय

पोटदुखी हे शाळा बुडवण्याचं सगळ्यांत जुनं निमित्त. त्यामुळे ज्याचं खरंच दुखतं त्याची पंचाईत होते. नववीपासून पुढची काही वर्षं ती पंचाईत मी भोगली आहे. म्हणून हे सगळं मुलांसाठी लिहितेय, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईबाबांसाठी.

नववीच्या पावसाळ्यात जुलाब-उलट्यांनी मला चांगलंच आडवं केलं. आठवडाभरात ते थांबलं, पण पोट काही पूर्वीसारखं झालं नाही. सकाळी चहा-पोळी पोटात गेली की बेंबीभोवती मुरडा, धावत संडास, जरा बरं, आणि दप्तर खांद्याला लावलं की पुन्हा कळ. मधेच दोन-तीन दिवस काहीच व्हायचं नाही आणि पोट ढोलासारखं टम्म. सुट्टीच्या दिवशी मात्र बहुतेक वेळा ठीक. हे सुट्टीतलं ठीक असणंच माझ्या मुळावर आलं. "रविवारी बरं गं शहाण्यासारखं राहतं हिचं पोट," असं आजी म्हणायची आणि घरातले सगळे हसायचे.

मग उपाय सुरू झाले. आजीने दृष्ट काढली, आईने ओवा-सैंधव दिलं, शेजारच्या काकूंनी जंताचं औषध सुचवलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी 'अमिबा' म्हणून गोळ्या दिल्या, नंतरच्यांनी पुन्हा त्याच दिल्या. (आपल्याकडे पोटाच्या निम्म्या तक्रारी या बिचाऱ्या अमिबाच्या नावावर खपतात.) रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. बाबा रिपोर्टची फाइल मिटत म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे, मग दुखतंय कुठे?" याला काय उत्तर देणार!

दरम्यान खाणं आटत चाललं होतं. ज्या दिवशी दुखायचं त्या दिवशीचा पदार्थ बाद. आधी दूध गेलं, मग पोळी, उसळी, फळं. शेवटी मऊ भात आणि मेतकूट उरलं. वजन उतरलं, पाळी पुढे जायला लागली आणि पोट तरीही दुखतच होतं.

अखेर लहान मुलांच्या पोटविकारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी आधी फाइल उघडलीच नाही. "शाळेत संडासला जातेस का गं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी नकारार्थी मान हलवली. कडी नसलेलं दार, कोरडा नळ, कोण जाणार? सकाळी घाईत अर्धवट, दिवसभर दाबून धरायचं आणि संध्याकाळी घरी येऊन कळवळायचं. मग त्यांनी एक चित्र समोर ठेवलं. त्याला ब्रिस्टल तक्ता म्हणतात. खड्यांसारख्या शौचापासून पाण्यासारख्यापर्यंत सात प्रकार. "यातलं तुझं कोणतं?" मी बोट ठेवलं तेव्हा बाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

वजन उतरलं होतं म्हणून त्यांनी आणखी दोन गोष्टी तपासल्या. एक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सिलिअ‍ॅक आजारासाठी रक्त, आणि दुसरी, आतड्याला सूज आहे का हे सांगणारी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी. दोन्ही ठीक आल्यावर त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आणि म्हणाल्या, "आता तपासण्या बंद."

त्यांनी समजावलं ते असं. आतड्याच्या भिंतीत नसांचं स्वतःचं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. आयबीएसमध्ये हे जाळं हळवं होतं. इतरांना ज्या वायूची जाणीवही होत नाही, तोच आपल्याला कळ बनून जाणवतो. एखाद्या जोरदार जुलाबानंतर हे सुरू होऊ शकतं आणि परीक्षेचा ताण त्यात तेल ओततो. आतडं दिसायला निरोगी असतं, म्हणून सोनोग्राफीत काही सापडत नाही. दुखणं मात्र खरंच असतं. यातून कॅन्सर होत नाही, हेही त्यांनी आईकडे बघून मुद्दाम सांगितलं.

मुलांमध्ये निदानाचा जगभर वापरला जाणारा निकष 2016 सालचा आहे. महिन्यातून किमान 4 दिवस पोटदुखी, असं कमीत कमी 2 महिने, आणि दुखण्याचा संबंध शौचाशी किंवा त्याच्या बदललेल्या रूपाशी. म्हणून डॉक्टरांकडे जाताना फाइलपेक्षा एक वही न्या: कधी दुखलं, त्याआधी काय खाल्लं, शौच कसं झालं, त्या दिवशी शाळेत काय होतं. माझ्या वहीत गणिताच्या चाचणीचा वार लगेच उठून दिसला.

पण काही लक्षणं असतील तर वही भरत बसू नका, लगेच दाखवा. शौचातून रक्त, ताप, झोपेतून उठवणारी कळ, न थांबणाऱ्या उलट्या, उतरणारं वजन, खुंटलेली उंची किंवा घरात कुणाला आतड्याचा आजार. आपल्याकडे पोटाचा क्षयही असतो, हे विसरून चालत नाही.

मला उतार पडला तो साध्या गोष्टींनी. अर्धा तास लवकर उठून नाश्ता करायचा आणि लगेच संडासात निवांत बसायचं, कारण पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलायला लागतं. भरपूर पाण्याबरोबर इसबगोल. कोंडा नको, त्याने गुबारा वाढतो. पोट फुगवून सावकाश श्वास घ्यायचा सराव. मला तो आधी थोतांड वाटला होता, पण त्याने कळ खरंच ओसरते. समुपदेशनाचाही उपयोग होतो. तिथे जाणं म्हणजे आजार मनाचा खेळ आहे, असं मुळीच नाही.

खाण्याचं म्हणाल तर मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने आखलेला लो-फॉडमॅप आहार हल्ली सगळीकडे सांगितला जातो. त्यात कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध, आंबा असे आंबून वायू करणारे पदार्थ काही आठवडे थांबवतात आणि मग एकेक परत आणून पाहतात. हे परत आणणंच महत्त्वाचं, आणि वाढत्या वयात ते आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावं. माझ्या बाबतीत दोषी निघाले कांदा आणि शुगर-फ्री च्युइंगगम. दूध आणि पोळी उगाच बदनाम झाली होती. लसणाचा त्रास होत असेल तर पाकळ्या तेलात तळून काढून टाकाव्यात. त्रास देणारा घटक तेलात उतरत नाही, वास मात्र उतरतो.

आजही परीक्षा असली की पोट कुरकुरतं, पण आता मी त्याला घाबरत नाही.

राहिला प्रश्न शाळेतल्या संडासाचा. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असावी लागतात. बहुतेक ठिकाणी ती असतातही. यंदाच्या पालकसभेत गुणांबद्दल बोलण्याआधी एकदा तिथे जाऊन या. नळाला पाणी आहे का, आतून कडी लागते का, ते बघा. आणि वर्गशिक्षकांना सांगा, की ज्या मुलाला जायचंय त्याला सगळ्यांसमोर हात वर करायला न लावता जाऊ द्या.