पान्हा आटू देऊ नका



तोडणीच्या टोळ्यांत ओल्या बाळंतिणीही असतात. म्हणून या वेळी उसाऐवजी अंगावरच्या दुधाविषयी लिहीत आहोत.

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. जव्हार-मोखाड्यात भातकापणी उरकली की अनेक कुटुंबे वीटभट्टीच्या कामाला बाहेर पडतात. आई कामावर, तान्हे झोपडीत. पाजण्यात खंड पडतो. आपल्या फडातही तेच घडते. मग ‘दूधच येत नाही’ म्हणून बाटली नि साखरपाणी सुरू होते.

गोठ्यातले आपण सारे जाणतो. वासराने ढुसण्या दिल्या की गाय पान्हा सोडते. कास रिकामी केली नाही तर ती आटते. बाईचेही तसेच आहे. बाळ जितके ओढेल तितके दूध येते. बाटलीने पोट भरले की बाळ कमी ओढते आणि दूध आणखी घटते.

यासाठी :

१. जन्मल्यापासून तासाभरात पाजावे. चीक फेकू नये.

२. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजावे, रात्रीही. पहिले ६ महिने वरचे पाणीसुद्धा नको.

३. स्तनाग्राला चिरा पडल्या तर बहुधा बाळाची पकड चुकते. भोवतालचा काळा भागही त्याच्या तोंडात जावा.

४. छाती दाटली तर पाजत राहावे, थोडे दूध हाताने काढावे. लाली येऊन ताप भरला तर लगेच दवाखाना गाठावा. पाजणे थांबवू नये.

५. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला निदान ६ वेळा लघवी करते व वजन वाढते, तर दूध पुरते असे समजावे. तसे नसेल तर आशाताईंना दाखवावे.

आईच्या पोटातही हवे. २०१५ साली आदिवासी भागात सुरू झालेल्या अमृत आहार योजनेने गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण दिले, ते याचसाठी.

गाडी भरायची घाई आम्हीही रोज पाहतो. तरी आपल्या फडात बाळंतीण असेल तर मुकादमाला सांगून तिला दर दोन-तीन तासांनी पाजायला सोडावे. बाळाला सावली नि तिला प्यायला पाणी द्यावे. पाव तासाने गाडी अडत नाही, बाळाचे मात्र अडते.