एकट्याची नाव

बिडकीनहून पैठणला गेले म्हणजे नाथसागर दिसतो. केवढे पाणी ते! पण त्याला काठ आहे. महासागरात महिनोन् महिने काठ दिसत नाही. तिथे एकट्याने नाव हाकायची, म्हणजे छातीचे काम.

अभिलाष टॉमी हे आपल्या नौदलात अधिकारी होते. १ नोव्हेंबर २०१२ रोजी ते मुंबईहून शिडाच्या नावेतून निघाले. सोबत कोणी नाही. वाटेत कुठेही न थांबता त्यांनी पृथ्वीला फेरी घातली. २०१३ साली ते मुंबईला परतले.

२०१८ साली ते अशाच फेरीच्या शर्यतीत उतरले. वादळाने नाव उलटली. डोलकाठी मोडली. पाठीच्या कण्याला जबर मार बसला. भर समुद्रात ते नावेतच पडून राहिले. मग एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. ते पुन्हा चालायला शिकले.

२०२१ साली त्यांनी नौदल सोडले. आता ते घरी बसते, तरी कोणी नावे ठेवली नसती. पण ४ सप्टेंबर २०२२ रोजी ते फ्रान्सहून त्याच शर्यतीला पुन्हा निघाले. सूर्य-तारे पाहून वाट काढायची. काही मोडले, तर आपणच दुरुस्त करायचे. सोळा जण निघाले होते. टॉमी २३६ दिवसांनी पोचले. त्यांचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर दक्षिण आफ्रिकेच्या एका बाईचा!

शिपाई नोकरी सोडतो. पण अंगची शिस्त त्याला सोडत नाही.

सांगा पाहू :
१. टॉमी दुसऱ्यांदा का निघाले असतील?
२. तुमच्या गावी कोणी माजी जवान आहे काय? आता ते काय करतात?