झिजलेला जबडा पुन्हा भरता येतो का?

बारडोली, बाबेन, कडोद या पट्ट्यात ऊस पिकवणाऱ्या आपल्या मंडळींपैकी पन्नाशी ओलांडलेल्या कित्येकांना आता ऊस दातांनी सोलून खाता येत नाही. एक दाढ दुखली, ती काढली. दुसरी हलू लागली, तीही काढली. पुढे कवळी आली. दोन-तीन वर्षे ती नीट बसली, मग सैल झाली. कवळी करणाऱ्याने माप चुकवले असे पुष्कळांना वाटते. बहुधा तसे नसते. कवळी तशीच राहते, तिच्याखालचा जबडा झिजतो.

दाताचे मूळ ज्या हाडात रुतलेले असते ते हाड दातासाठीच वाढलेले असते. चावताना मुळावर पडणारा दाब हेच त्याचे खतपाणी. दात निघाला की ते विरघळू लागते. दाढ काढल्यावर वर्षभरात त्या जागेची रुंदी सुमारे निम्म्याने घटते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या 3 महिन्यांतच होते, असे मोजमापांवरून दिसले आहे. बांधावरचे झाड उपटले की पुढच्या पावसात बांधही ढासळतो, तसेच हे. पायोरिया मात्र दात जागेवर असतानाच मुळाभोवतीचे हाड खात जातो.

हे गेलेले हाड बऱ्याच अंशी परत आणता येते. दंतवैद्य तेवढ्या भागाला भूल देऊन हिरडी उघडतात, झिजलेल्या जागी हाडाची भुकटी किंवा तुकडा भरतात, वर एक पातळ पडदा ठेवतात आणि टाके घालतात. पडदा कशाला? हिरडी हाडापेक्षा फार लवकर वाढते. जागा मोकळी सोडली तर तण माजावे तशी तीच आत शिरते.

याला हाडाचे कलम म्हणतात, पण आंब्याच्या कलमाशी त्याची गल्लत करू नये. आंब्यात बांधलेली काडी जगते आणि तीच फळते. येथे भरलेली भुकटी म्हणजे नुसता मांडव. आपल्याच हाडातल्या पेशी व रक्तवाहिन्या कारल्याच्या वेलासारख्या त्यावर चढतात आणि नवे हाड घालतात. त्याला साधारण 4 ते 6 महिने लागतात. वरच्या दाढांच्या जागी गालामागच्या पोकळीचे अस्तर उचलून भर घालावी लागली तर 9 महिनेही. मगच त्यात टायटॅनियमचा खिळा बसवून वर दात लावतात.

हाड आणायचे कोठून? हनुवटीचे किंवा जबड्याच्या मागच्या टोकाचे स्वतःचे हाड सर्वांत गुणकारी, कारण त्यात जिवंत पेशी असतात; पण दुसरी जखम सोसावी लागते. गुरांच्या हाडावर प्रक्रिया करून केलेली भुकटी मिळते, कॅल्शियमची कृत्रिमही मिळते. चौथा प्रकार दुसऱ्या माणसाच्या हाडाचा. हाडातले क्षार आम्लाने काढून उरलेला भाग जनावराच्या स्नायूत ठेवला तर तेथेही नवे हाड तयार होते, हे अमेरिकेतील डॉ. मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये दाखवले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून ऊतीपेढी आहे. तेथे दान मिळालेले हाड धुऊन, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. दुसऱ्याचे हाड आपल्या तोंडात चालेल का, अशी शंका काही घरांतून येते. मरणोत्तर अवयवदानाला ख्रिस्तसभेची आडकाठी नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2000 साली रोममध्ये प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांपुढे बोलताना त्याची प्रशंसाच केली. तरीही भुकटी कशाची आहे हे आधी विचारावे. शेजारच्या शाकाहारी कुटुंबाला तर हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटेल.

आमच्या मते याहून मोठा प्रश्न तंबाखूचा आहे. बिडी, तंबाखू, तपकीर, मशेरी यांनी हिरडीकडे जाणारे रक्त कमी होते आणि रक्ताविना वेल मांडवावर चढत नाही. ते सोडण्याची तयारी नसेल तर हजारो रुपये हाडात घालू नयेत, हे स्पष्ट लिहिलेले बरे. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणावी. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शने चालू असतील, रक्त पातळ करणारे औषध असेल, तर डॉक्टरांना न विचारताही सांगावे. ज्याला कवळीने भाकरी नीट चावता येते, त्याला या खटाटोपाची गरज नाही.

खर्च वाचवायची वेळ दात काढण्याआधीची. त्याच दिवशी खळग्यात भुकटी भरली तर झीज पुष्कळ कमी होते, म्हणून दात काढण्यापूर्वीच विचारून घ्यावे. अहमदाबादच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा मुंबई सेंट्रलजवळच्या नायर दंत महाविद्यालयात चौकशी करता येते. मोठे काम असेल तर गळीत हंगामात, तोड चालू असताना करू नये. आठवडाभर तरी ओझे उचलता येत नाही. पहिले 24 तास जोराने चूळ भरू नये. वरच्या जबड्याचे काम असेल तर काही दिवस नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवावे. जुनी कवळी त्या जागेवर दाबून बसवू नये. डॉक्टर ती आतून घासून सैल करून देतील, तोवर मऊ भात आणि पातळ खिचडीवर भागवावे.