गाडीखालचे दांडे काढले तर काय बिघडते?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. त्याने 1995 सालची जुनी माझदा मियाटा घेतली आहे. लिफ्टवर चढवून पाहिली, तेव्हा खालचे दोन आडवे दांडे आधीच्या मालकाने काढलेले दिसले. एक्झॉस्ट बसवायला ते आड येत होते आणि वजनही वाचले, असे तो मालक म्हणाला. आता मुलाच्या डोक्यात आले आहे की गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी लांब ॲल्युमिनियमची चौकटही काढून टाकावी. दांड्यांवाचून गाडी छान चालते, असे तो म्हणतो. या भागांचा खरोखर उपयोग असतो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सर्वात आधी त्याला फोन करा आणि त्या लांब चौकटीला हात लावू नकोस म्हणून सांगा. दांड्यांचे नंतर पाहू. दोन्ही भाग गाडीखाली बोल्टनेच बसवलेले असले, तरी त्यांची कामे अगदी वेगळी आहेत.

माझदा या चौकटीला पॉवर प्लांट फ्रेम म्हणते. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये मियाटा पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हापासून ती या गाडीत आहे. मियाटाचे इंजिन पुढे दोन माउंटिंगवर बसते आणि डिफरन्शियल मागे दोन रबरांवर टांगलेले असते. मधल्या गिअरबॉक्सला स्वतःचा क्रॉस मेंबर नाही. त्याचे शेपूट या चौकटीनेच धरलेले असते. ती काढली, तर गिअरबॉक्स खाली लोंबेल आणि डिफरन्शियलचे नाक मोकळे सुटेल.

नाक सुटले तर काय होते, ते आकड्यांत पाहू. 1995 च्या 1.8 लिटर इंजिनाचा टॉर्क सुमारे 149 न्यूटन मीटर आहे. पहिल्या गिअरचे गुणोत्तर 3.136 आणि डिफरन्शियलचे 4.1. तिन्हींचा गुणाकार साधारण 1900 न्यूटन मीटर होतो. एवढ्या जोराने चाके पुढच्या दिशेने फिरतात, तेव्हा तेवढ्याच जोराने डिफरन्शियलची पेटी उलट दिशेला फिरू पाहते, म्हणजे तिचे नाक वर उसळते. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे 195 किलो वजन टांगावे, इतका हा पीळ आहे. तो झेलून गिअरबॉक्स आणि इंजिनापर्यंत पोचवणे हे या चौकटीचे काम. ती नसली, तर सगळा भार मागच्या दोन रबरांवर आणि त्यांच्या बोल्टांवर पडेल, आणि ते त्यासाठी बनवलेलेच नाहीत. 1997 च्या कॉर्व्हेटमध्ये आणि पोर्शे 944 मध्ये हेच काम शाफ्टभोवतीची जाड नळी करते.

मियाटात व्ही-8 इंजिन बसवणारे ही चौकट काढतात, हे मुलाने पाहिले असेल. पण ते त्याआधी गिअरबॉक्ससाठी नवा क्रॉस मेंबर आणि डिफरन्शियलसाठी नवे आधार तयार करतात. म्हणजे भार वाहणारी वाट बदलते, नाहीशी होत नाही.

आता दांडे. नवी दाराची चौकट घरी येते, तेव्हा सुताराने तिच्या पायाशी एक आडवी पट्टी ठोकलेली असते. ती नसती, तर टेम्पोतून उतरवेपर्यंत चौकट काटकोनात राहिली नसती. मियाटाला पक्के छप्पर नाही, म्हणून तिला अशा पट्ट्यांची गरज जास्त. काडेपेटीचा आतला खण बाहेर काढून पिळून पाहा, लगेच वाकडा होतो. वेष्टनात सरकवला की तोच ताठ होतो. बंद गाडीत छप्पर हे वेष्टनाचे काम करते. 1994 साली 1.8 लिटर इंजिन देताना माझदाने पुढच्या आणि मागच्या सबफ्रेमला आडवे दांडे दिले आणि सीटमागचे सीटबेल्टचे दोन खांबही नळीने जोडले. कारखान्याने खर्च करून वाढवलेली ही गोष्ट उगाच वाढवलेली नसते.

मग गाडी छान चालते असे का वाटते? सावकाश चालवताना बॉडीवर ताण कमी असतो, म्हणून. वळणावर जोर आला की बाहेरचे चाक सबफ्रेमच्या टोकाला आत ढकलते आणि चाकाची दिशा किंचित बदलते. खड्ड्यात आदळल्यावर बॉडी पिळवटते. स्प्रिंगची हालचाल शॉकअब्सॉर्बर शमवतो, बॉडीची थरथर शमवायला तसे काहीच नसते. मागचा आरसा आणि स्टीअरिंग थरथरू लागते, ते यामुळेच. त्याने पुढे कडक स्प्रिंगा टाकल्या, तर ही उणीव आणखी जाणवेल. बॉडीच मऊ स्प्रिंगसारखी वागू लागली, की सस्पेन्शनची बारीक जुळणी वाया जाते.

बाजारात ब्रेस म्हणून विकला जाणारा प्रत्येक दांडा मात्र कामाचा नसतो. दोन बिंदूंना सरळ जोडणारी साधी नळी चांगले काम करते. इंजिनला वळसा घालून वाकवलेली, टोकांना बिजागरी असलेली चमकदार नळी जवळजवळ शोभेचीच. 1965 च्या शेल्बी जीटी 350 मध्ये शॉकचे दोन बुरुज एकमेकांना आणि मागच्या भिंतीला बांधले होते. मागच्या भिंतीला बांधणाऱ्या भागाला एक्स्पोर्ट ब्रेस म्हणत, कारण परदेशातल्या खराब रस्त्यांवर जाणाऱ्या मस्टँगसाठी तो बनवला होता. याउलट, शर्यतीच्या गाडीत आतून वेल्ड केलेला पिंजरा असेल, तर कारखान्याचा एखादा दांडा काढून चालतो. चौकट भिंतीत पक्की बसल्यावर सुतारही ती पट्टी काढतोच. काही गाड्यांत तर केवळ कंपने मारण्यासाठी लोखंडी वजन लटकवलेले असते. ते गेले, तर आवाज वाढेल, पकड कमी होणार नाही.

आपल्याकडच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकमध्येही हाच हिशेब आहे. इंजिनच्या खाली हाडाच्या आकाराचे एक छोटे माउंटिंग असते, गॅरेजवाले त्याला फाउंडेशन म्हणतात. त्याचे रबर गेले, की क्लच सोडताना इंजिन मागेपुढे झुलते आणि गाडी झटके देते. ते वेळेवर बदला.

मुलाला सांगा, तिकडच्या भंगार यार्डात 1994 ते 1997 च्या मियाटातून हे दांडे शोध. ते कसण्याआधी बोल्टांच्या भोकांभोवती तडे नाहीत ना, ते टॉर्च लावून पाहा. गाडी चाकांवर उभी असताना बोल्ट कस आणि एक्झॉस्टची वाट बदलून घे. लांब चौकट कधी गिअरबॉक्सच्या कामासाठी उतरवावीच लागली, तर परत बसवताना तिची उंची माझदाच्या मॅन्युअलप्रमाणे मोजूनच बसवायची, नाहीतर शाफ्टचा कोन बिघडून गाडी थरथरते.