सजवलेली ईमेल पाठवताना

आमच्या वाचनालयाच्या कार्यक्रमांची निमंत्रणं ईमेलने पाठवण्याचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. सभासदांपैकी कुणी जीमेल उघडतं, कुणी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं आउटलुक, तर कुणी आयफोनवरच मेल वाचतं. एका दिवाळी पहाटेचं निमंत्रण गडद निळ्या आकाशाच्या चित्रावर पांढऱ्या अक्षरांत केलं होतं. जीमेलवाल्यांनी कौतुक केलं. आउटलुकवाल्यांचे मात्र फोन आले, "अहो, मेल कोरीच आलीये!" आकाश गळून पडलं होतं आणि पांढऱ्यावर पांढरी अक्षरं उरली होती.

कारण शोधलं तेव्हा कळलं, की विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकने २००७ च्या आवृत्तीपासून मेल दाखवायचं काम वर्डच्या यंत्रणेकडे सोपवलं. तिला पार्श्वभूमीची चित्रं नीट पेलत नाहीत, गोल कोपरे चौकोनी होतात, आणि हलणाऱ्या ज्योतीची जिफ अनेक आवृत्त्यांत पहिल्याच चित्रावर थांबते. म्हणून चित्राखाली त्याच छटेचा साधा रंग द्यावा. चित्र गेलं तरी अक्षरं वाचता येतात.

या कटकटीला कंटाळून बरेच जण अख्खी पत्रिकाच एक चित्र करून पाठवतात. कृपा करून हे करू नका. अनेक ठिकाणी परवानगी दिल्याशिवाय चित्रं उघडत नाहीत, तिथे फक्त रिकामी चौकट दिसते. आठवड्याने कुणी मेलबॉक्समध्ये व्याख्यात्याचं नाव शोधलं, तर ते सापडेलच असं नाही. आमचे एक दृष्टिहीन सभासद स्क्रीन रीडरवर मेल ऐकतात. चित्राला पर्यायी मजकूर जोडलेला नसेल, तर त्यांना कार्यक्रमाची तारीखसुद्धा कळत नाही. ज्यांना आपण आग्रहाने बोलावतो, त्यांनाच दाराबाहेर ठेवण्यासारखं आहे हे. तारीख, वेळ, पत्ता टाइप केलेल्या अक्षरांतच हवा.

आणि ती अक्षरं युनिकोडमधलीच हवीत. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टात टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्याकडे रोमन अक्षरं नि चिन्हांचा गोंधळ होऊन पोचतो. मराठी संस्थांच्या मेलमध्ये हे मी अजूनही पाहतो आणि वाईट वाटतं, कारण दुसरीकडे कुणीतरी तो मजकूर मन लावून लिहिलेला असतो.

वर्डमधून थेट कॉपी-पेस्ट टाळा. त्याबरोबर न दिसणारा बराच कोड येतो. मेलचा एचटीएमएल कोड सुमारे १०२ केबीच्या वर गेला, की जीमेल पुढचा भाग छाटून दुव्यामागे ठेवतं, आणि नेमका शेवटचा पत्ता तिथे अडकतो. आउटलुकमधून पाठवत असाल तर रिच टेक्स्टऐवजी एचटीएमएल निवडा, नाहीतर इतरांकडे 'विनमेल डॉट डॅट' नावाची फाइल जाऊन पडू शकते आणि ती कशाने उघडायची हे त्यांना कळत नाही.

ईमेलच्या रचनेतच एक सोय आहे: १९९२ साली आलेल्या माइम मानकामुळे सजवलेल्या रूपासोबत साधा मजकूरही त्याच मेलमध्ये जाऊ शकतो. मेल पाठवण्याच्या बऱ्याच सेवांमध्ये हा साधा मजकूर हाताने लिहिता येतो. तो लिहायला पाच मिनिटं द्या. मग ती मेल आधी स्वतःच्या जीमेलवर, एखाद्या मित्राच्या आउटलुकवर आणि डार्क मोड लावलेल्या फोनवर पाठवून बघा, एकदा चित्रं बंद ठेवूनही. चारही ठिकाणी कार्यक्रम कधी आणि कुठे हे वाचता आलं, की मगच सगळ्या यादीला पाठवा.