आपल्या लेकरांचे पाच टक्के

वर्षावासातल्या एका रविवारी मळवलीजवळच्या वस्तीत ग्रंथवाचन संपले आणि बायका आरोग्याच्या बोलण्यासाठी विहारातच थांबल्या. मागे भिंतीला टेकून एक ताई बसली होती, मांडीवर आठ वर्षांची लेक. म्हणाली, "जयभीम सिस्टर. शाळेत हिचे नाव आहे, पण आता उचलवत नाही हो. नेणार कोण?"

मुलगी जन्मली तेव्हा रडली नव्हती. आज उभे केले की दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. आम्ही पाय हातात घेऊन पाहिला, टाच जमिनीला टेकत नव्हती. तीन वर्षांची होती तेव्हा टेकायची, असे आई सांगत होती.

याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मेंदूला जन्माच्या आसपास इजा होते, ती पुढे वाढत नाही. पण स्नायू ताठ राहतात, आणि रोज हळूहळू ताण दिला नाही तर सांधे आखडत जातात. रस्त्याची फाईल वर्षभर अडली तर रस्ता वर्षभराने होतो. या लेकराची फाईल वर्षभर अडली तर टाच आणखी वर जाते आणि मग शस्त्रक्रियेची भाषा सुरू होते. म्हणून निधीचा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

अशा मुलांसाठी पैसा नाही, असे ऐकून आपण घरी येतो. पैसा आहे, पण तुटपुंजा आहे आणि वेगवेगळ्या खिशांत आहे. शाळेचा खिसा म्हणजे समग्र शिक्षा अभियान. त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. दिव्यांग मुलामागे वर्षाला 3,500 रुपये धरले जातात. म्हणजे दिवसाला दहा रुपयेही नाहीत, आणि त्यातच साधने, प्रवास, पुस्तके, थेरपी सगळे बसवायचे. खासगी फिजिओथेरपीच्या एका बैठकीत महिन्याचा वाटा संपतो! मुलींना याशिवाय महिना 200 रुपये, दहा महिने, प्रोत्साहन भत्ता आहे. तो आपल्या मुलीला मिळतो का, हे मुख्याध्यापकांना विचारा.

शिक्षकांचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. राज्याने 2024 मध्ये विशेष शिक्षकांची 4,860 पदे मंजूर केली, म्हणजे एका केंद्राला एक. एका केंद्रात किती शाळा असतात ते मावळातल्या आईला सांगायला नको. पवन मावळातल्या नाहीतर आंदर मावळातल्या वाड्यांवर तो शिक्षक महिन्यातून किती वेळा पोचणार?

दुसरा खिसा आपल्या दाराशी आहे. नगरपरिषद, नगरपंचायत आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. पूर्वी हे 3 टक्के होते. इथे गावागावांत फार फरक पडतो. समजा एका ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न चार लाख आहे, तर तिचे पाच टक्के होतात वीस हजार. वीस जणांत वाटले की प्रत्येकी हजार. लोणावळ्यासारख्या बंगल्या-हॉटेलांच्या गावात घरपट्टीच मोठी, त्यामुळे तिथले पाच टक्केही मोठे. पण डोंगरापलीकडच्या वाडीतल्या मुलाला त्याचा उपयोग नाही.

आम्ही जागोजागी पाहिले ते असे, की हा निधी वर्षातून एकदा खात्यावर थोडी रक्कम टाकून संपवला जातो. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांना मिळते, आणि ते बहुतेक मोठी माणसे असतात. लहान मुलांची प्रमाणपत्रे काढलेलीच नसतात. "अजून लहान आहे, सुधारेल," असे आपणच म्हणतो. सासूबाई म्हणतात, शिक्का कशाला मारून घ्यायचा. शिक्का नाही म्हणून यादीत नाव नाही. यादीत मुले दिसत नाहीत म्हणून कोणी फिजिओथेरपिस्ट मागत नाही.

तेव्हा आधी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, फी नाही. बोर्डाचे दिवस ठरलेले असतात, ते फोनवर विचारूनच निघा. औंधच्या जिल्हा रुग्णालयात जायचे तर लोकलने दापोडीला उतरून पुढे रिक्षा. मूल कडेवर घेऊन हा प्रवास दोनदा करायला लावू नका, आधार कार्ड, फोटो आणि जुने सगळे केसपेपर एकाच पिशवीत ठेवा. कार्ड हातात आले की निरामय विमा काढा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळते, थेरपीचा खर्चही त्यात धरतात.

लहान बाळांच्या आयांनो, पाच महिने झाले तरी मान धरत नाही, नऊ-दहा महिन्यांना बसत नाही, दीड वर्षाला एकही शब्द नाही, तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या तपासणी पथकाची वाट पाहू नका. आरोग्य केंद्रात दाखवा आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी मागा.

आता मागायचे काय? दोन हजार रुपये कोणाला नको असतात, आम्ही त्याला नाक मुरडत नाही. पण पाच टक्क्यांतून सगळ्यांसाठी मिळून सोयही मागता येते. आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट, मुलांना ने-आण करायला गाडी, शाळेत कमोडचे संडास. दोन-तीन ग्रामपंचायतींनी पैसे एकत्र केले तर गाडीचा खर्च झेपू शकतो, म्हणून शेजारच्या गावच्या आयांना गाठा. अर्ज वेळेत द्या. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीअखेर होतो, त्यामुळे डिसेंबरमध्ये कागद गेला पाहिजे. गावचा आराखडा 2 ऑक्टोबरपासून बनायला लागतो, म्हणून ग्रामसभेत तेव्हाच बोला आणि बोललेले इतिवृत्तात लिहून घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

शाळा "आमच्याकडे सोय नाही" म्हणाली तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगा. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. ज्याला घराबाहेर नेणेच शक्य नाही, त्याला घरी येऊन शिकवण्याची तरतूद 2012 पासून आहे.

त्या रविवारी आम्ही ताईला पायाचा ताण दाखवला. गुडघा सरळ, तळपाय हळूच वर, वीस अंक मोजायचे, दिवसातून तीनदा. झटका देऊन ओढायचे नाही, मूल रडले तर थांबायचे. भरवताना आडवे नाही, बसवूनच. फिटची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद नाही. मग तिथेच चटईवर अर्ज लिहायला घेतला. वस्तीत अशी किती मुले, असे विचारले तर बायका आधी म्हणाल्या, ही एकच. अर्ज लिहून होईपर्यंत चार नावे निघाली होती.