उघड्यावरील लांकडी बांक

आमच्या शाळेच्या फाटकाआंत निंबाचें एक जुनें झाड आहे. शनिवारीं वसतिगृहांतील मुलांस भेटावयास येणारे पालक बहुधा त्याच्याच सावलींत थांबतात. कित्येकजण भल्या पहांटे घरून निघालेले असतात. त्यांच्या सोयीकरितां कांहीं वर्षांपूर्वीं सुतारकामाच्या वर्गाकडून आम्हीं एक बांक करविलें. एकसंध रुंद फळीची बैठक, तिच्यावर चकचकीत रोगण. पाहणाऱ्यांनीं फार वाखाणणी केली. आमच्या वृद्ध मिस्त्रींनीं मात्र, "फळीवरचें पाणी जाईल कोठें?" असा एकच प्रश्न विचारला होता. आम्हीं तो हंसण्यावारी नेला.

तिसरा पावसाळा संपल्यावर एका विद्यार्थ्याचे आजोबा त्या बांकावर बसले असतां मागचा पाय मोडला. देवाच्या दयेनें त्यांस केवळ खरचटलें. पण नातवाच्या देखत ते पडले, आणि उठतां उठतां "मास्तर, माझेंच वजन फार झालें," असें म्हणून उलट त्यांनींच आमची क्षमा मागितली! त्या वेळीं वाटलेली लाज आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तें बांक वर्गांत आणून मुलांकडून उकलविलें. मोडलेला पाय वरच्या अंगास टणक होता. तळाशीं मात्र पटाशी लावतांच त्याचा ओला भुगा पडूं लागला. तेव्हां बांक मोडलें तें वजनानें नव्हे, पाण्यानें.

लांकूड म्हणजे अतिशय बारीक नळ्यांची जुडी होय. बाजूनें पाणी सावकाश शिरतें, पण कापलेल्या टोंकांतून तें भराभर वर चढतें. आमच्या बांकाचे पाय उघड्या टोंकांनीं मातींत उभे होते. लांकूड कुजविणाऱ्या बुरशीस ओल लागते. कोरड्या लांकडाच्या वजनाच्या मानानें ओल शेंकडा २० च्या खालीं राहिली तर ती वाढत नाहीं. म्हणून भिजून लवकर वाळणारें लांकूड टिकतें, आणि जें नेहमीं दमट राहतें तें जातें. शिवाय लांकूड रुंदींत फुगतें व आकसतें, लांबींत जवळजवळ नाहीं. आमची रुंद फळी दोन्ही कडांस खिळ्यांनीं जखडलेली. तिला हलावयास जागाच नसल्यामुळें ती मधोमध तडकली, आणि त्या चिरेंतून पाणी थेट सांध्यांत उतरलें.

"पण लांकूड तर सागवानी होतें ना?" असें एका मुलानें विचारलें. होतें खरें, पण सागाच्या गाभ्याचें लांकूड निराळें आणि सालीलगतचें पांढरट लांकूड निराळें. टिकाऊपणा गाभ्यांत आहे. मुंबईच्या गोदींत १८१७ सालीं वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं मलबारी सागाचें 'त्रिंकोमाली' नांवाचें लढाऊ जहाज बांधलें गेलें; तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे. आमच्या मोडक्या पायांत अर्धाअधिक भाग पांढराच होता. स्वस्त मिळाला म्हणून आम्हींच तो घेतला होता.

दुसरें बांक मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणें केलें. लांबी साडेचार फूट, बैठकीची उंची पुढें १७ इंच, मागें एक इंच कमी. बैठकीस ३ इंच रुंद व १ इंच जाड अशा पांच पट्ट्या. दोहोंमध्यें पेन्सिल जाईल एवढी फट. लांबी अधिक असल्यामुळें मध्यें एक आडवा आधार दिला. पट्ट्यांच्या वरच्या कडा रंध्यानें गोल केल्या, म्हणजे पाणीहि थांबत नाहीं आणि धोतर-लुगड्यासहि अडकत नाहींत. मागचा पाय व पाठीचा खांब एकाच तुकड्याचा घेतला. सांधे कुसूं घालून बसविले. कुसूं लांकडाच्या जाडीच्या सुमारें एक-तृतीयांश ठेवून वरून लांकडी खुंटी ठोकली. पट्ट्यांना पितळी स्क्रू लावले, कारण लोखंड गंजतें व भोंवतालचें लांकूड काळें पाडतें. पितळ मऊ असतें. गिरमिटानें भोंक पाडून त्यांत आधीं त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढावा, मग पितळी बसवावा. मुलांनीं उतावीळपणें तीन स्क्रूंचीं डोकीं तोडलीं, तेव्हां कोठें हें पटलें.

रोगण या वेळीं लाविलें नाहीं. उन्हानें तें तडकतें, खालीं शिरलेलें पाणी मग कोंडून राहतें. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात दिले. येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे: हें तेल वाळतांना हवेंतील प्राणवायु घेतें व तापतें. तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोंपऱ्यांत टाकल्यास तो आपोआप पेट घेऊं शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्या. पायांच्या तळांस तेल मुरेपर्यंत पाजलें, आणि प्रत्येक पायाखालीं जमिनीपेक्षां चार बोटें उंच असा दगड बसविला.

आजोबा पुढल्या वर्षीं पुन्हां आले. त्यांनीं बांक प्रथम हातानें दाबून पाहिलें, मग बसले.

आतां त्यावर चार पावसाळे गेले आहेत. रंग राखाडी झाल्यामुळें तें रंगवावें असें कांहीं पालक सुचवितात. पण तें उन्हाचें काम केवळ वरच्या पापुद्र्यापुरतें असतें. दर दसऱ्यानंतर मुलें बांक उलटें करून पायांस खिळ्याचें टोंक दाबून पाहतात. गेल्या खेपेस डाव्या मागच्या पायांत तें किंचित् रुतलें. पाहतों तों पांढऱ्या लांकडाची बोटभर पट्टी आमच्या नजरेंतून सुटली होती. तेवढा भाग कापून येत्या उन्हाळ्यांत गाभ्याचा तुकडा सांधावयाचा आहे. तोंवर त्या बाजूस कोणी बसूं नये म्हणून मुलांनीं तेथें कुंडी ठेविली आहे.